जुन्या मोटरबोटीच्या केबिनचं नूतनीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं फायबरच्या, केबिन असलेल्या आणि बरीच वर्षं पाण्यात काढलेल्या मोटरबोटींसाठी आहेत. सगळ्यांच्या मुळाशी माझा एकच आग्रह आहे: केबिनमध्ये जे काही बसवाल ते पुन्हा उघडता आलं पाहिजे. छताच्या अस्तरामागे डेकचे, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठभागाचे, नट असतात, फळ्यांखाली टाक्या असतात, कपाटांमागे वायरी आणि पाइप असतात. त्यातलं काही ना काही कधीतरी बिघडणारच. त्या दिवशी करवत चालवावी लागली, तर आज केलेलं देखणं काम वाया गेलं.

सुरुवात कुठून करू? गाद्या आणि पडदे बदलले तर लगेच फरक दिसेल ना?

दिसेल, पण टिकणार नाही. आधी गळती थांबवा. मग कुजलेलं लाकूड, त्यानंतर वायरिंग आणि पाइप, मग ओल धरू नये म्हणून लावायचा फोम, मग छत, भिंती, जमीन आणि सर्वांत शेवटी गाद्या, असा क्रम ठेवा. छत भिंतींच्या आधी करायचं, कारण खरवडलेला कचरा आणि गोंदाचे थेंब खाली पडतात. जमीन भिंतींनंतर करायची, कारण तोवर तिच्यावर सगळ्यांचे पाय आणि हत्यारं पडलेली असतात. हा क्रम मोडला की एकच काम दोनदा करावं लागतं.

मोडतोड सुरू करण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा. निघणाऱ्या प्रत्येक फळीवर मागच्या बाजूने नाव आणि दिशा लिहा. जुनी फळी कितीही कुजकी असली तरी नवी बसेपर्यंत फेकू नका, तिच्यासारखा साचा दुसरा मिळणार नाही.

पाणी कुठून येतंय ते कसं शोधायचं?

डाग जिथे दिसतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी डेकच्या खालच्या बाजूने, वायरींवरून किंवा अस्तराच्या आतून बरंच लांब वाहत जातं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. म्हणून अस्तर काढून, डेक कोरडा करून, एक माणूस आत बॅटरी घेऊन बसवा आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने हळूहळू पाणी सोडावं. सगळ्यांत खालच्या जागेपासून सुरुवात करून वर जायचं. प्रत्येक जागेला काही मिनिटं द्यायची. एकदम वरून पाणी ओतलं तर ते सगळीकडून फिरून येतं आणि काहीच कळत नाही.

नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत: रेलिंगचे पाय, दोर बांधायचे क्लीट, खिडक्यांच्या चौकटी, हॅच (डेकमधली उघडणारी झाकणं), आणि हल (बोटीचं खालचं कवच) व डेक जिथे जोडलेले असतात ती कड. गळणारा फिटिंग बाहेरून सिलिकॉन फासून बंद करायचा मोह टाळा. तो पूर्ण काढा. डेक दोन थरांचा आणि मध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड असलेला असेल, तर भोक मोठं करा, कडेचं ओलं लाकूड खरवडून काढा, सुकू द्या, दाट केलेल्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने) भरा आणि मग त्या इपॉक्सीतूनच नेमक्या मापाचं नवं भोक पाडा. पुढे कधी सील कमकुवत झालंच तरी पाणी मधल्या लाकडापर्यंत पोचत नाही. फिटिंगखाली ब्यूटिल टेप मला सर्वांत भरवशाची वाटते. ती वर्षानुवर्षं मऊ राहते आणि फिटिंग पुन्हा काढायची वेळ आली तर निमूट सुटते. पॉलियुरेथेन सीलंट मात्र इतकं घट्ट धरतं की काढताना जेलकोटचे, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराचे, टवके उडू शकतात.

खिडक्यांना कोणतं सीलंट लावावं?

काच ॲक्रिलिकची आहे की पॉलिकार्बोनेटची, हे आधी बघा. या दोन्हींवर पॉलिसल्फाइड प्रकारचं सीलंट वापरू नका, त्यातली द्रव्यं प्लॅस्टिकवर परिणाम करतात. ॲक्रिलिक उष्णतेने बरंच प्रसरण पावतं. एक मीटर लांबीचा तुकडा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की जवळजवळ ३ मिलिमीटर लांब-आखूड होतो. म्हणून स्क्रूची भोकं सैल ठेवायची आणि स्क्रू आवळायचे नाहीत, नुसते टेकवायचे. भोकापासून निघालेल्या तडा बहुतेक वेळा आवळण्यामुळेच आलेल्या असतात. ॲक्रिलिक थिनरने किंवा स्पिरिटने पुसू नये, पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं पडतं.

भिंतीचं प्लायवूड कुजलंय की नुसता रंग गेलाय?

टोच्या घ्या आणि खालच्या कडेला, बिल्जजवळ (बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागेजवळ), आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांखाली दाबून बघा. निरोगी लाकडात टोक अडतं, कुजलेल्यात अलगद शिरतं. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकलं तर चांगल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर उत्तम. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही.

आता महत्त्वाचा भाग. केबिनच्या आडव्या भिंती, म्हणजे बल्कहेड, बोटीला आकारात धरून ठेवतात. वरवर बघता ती फक्त खोली विभागणारी फळी वाटते, पण तिच्या कडा फायबरच्या पट्ट्यांनी हलला जोडलेल्या असतात. तळाचा हातभर भाग कुजला असेल तर पूर्ण भिंत काढायची गरज नाही. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा आणि नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याचा उतार जाडीच्या आठपट धरा, म्हणजे १२ मिलिमीटरच्या प्लायवूडला साधारण ९६ मिलिमीटर. नव्या तुकड्याची कड हलला थेट टेकवू नका. मध्ये फोमची पातळ पट्टी ठेवा, नाहीतर त्या रेषेवर हलवर ताण एकवटतो आणि बाहेरून ती रेष उमटलेली दिसते. कोपरा इपॉक्सीच्या पुट्टीने गोलाकार भरून मग त्यावर फायबरच्या कापडाचे थर चढवा. बोटीच्या जुन्या पॉलिस्टर रेझिनवर इपॉक्सी नीट धरतं, सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिस्टर मात्र तितकं धरत नाही. म्हणून दुरुस्तीला इपॉक्सीच वापरा.

मधली एक भिंत काढून केबिन मोकळी केली तर?

शक्यतो नको. काही बोटींत कपाटं आणि बर्थचे खोकेसुद्धा हलला मजबुती देतात. काढायचीच असेल तर बोटींची रचना जाणणाऱ्या माणसाला आधी दाखवा. भिंतीतला दरवाजा रुंद करणं हासुद्धा याच प्रश्नाचा भाग आहे.

छताचं रेक्झिन लोंबकळतंय. पुन्हा चिकटवता येईल का?

नाही. जुन्या बोटींत छताला पाठीमागे पातळ फोम असलेलं रेक्झिन चिकटवलेलं असतं. रेक्झिन शाबूत असतं, पण फोमचा भुगा झालेला असतो. तुम्ही गोंद कितीही चांगला लावा, तो त्या भुग्याला चिकटणार आणि महिन्याभरात पुन्हा फुगवटा येणार.

सगळं ओढून काढा. उरलेला चिकट फोम कडक ब्रशने खरवडा. हे काम घाणेरडं आहे. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क आणि अंगावर टाकून द्यायचे कपडे हवेत. नवं रेक्झिन पुन्हा थेट डेकलाच चिकटवणं हा एक मार्ग झाला. पण मला दुसरा मार्ग कितीतरी पटीने चांगला वाटतो. डेकच्या खालच्या बाजूला लाकडाच्या रिपा इपॉक्सीने चिकटवा, ३ किंवा ४ मिलिमीटर प्लायवूडच्या हलक्या फळ्यांवर रेक्झिन ताणून लावा आणि त्या फळ्या रिपांवर स्क्रूने बसवा. दोन फळ्यांमधल्या फटीवर लाकडी पट्टी येते, ती दिसायलाही छान लागते. पुढे रेलिंगचा एखादा नट आवळायचा असेल तर एक फळी उतरवली की झालं. रिपा डेकला स्क्रूने ठोकू नका. स्क्रू दोन मिलिमीटर लांब निघाला तरी नवी गळती तुम्हीच तयार केलीत.

डेक उन्हात प्रचंड तापतो. त्यामुळे गोंद उष्णता सहन करणारा हवा. दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासा झाला की मगच जोडायचा.

घरासाठी आणलेलं प्लायवूड चालेल? एमडीएफ?

एमडीएफ आणि भुशाचे बोर्ड अजिबात नकोत. ओल लागली की ते फुगतात आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाहीत. मरीन प्लायवूडसाठी ब्रिटिश मानक १०८८ चा शिक्का पाहा. त्यात उकळत्या पाण्यातही न सुटणारा गोंद असतो आणि आतल्या थरांत पोकळ्या ठेवायला परवानगी नसते. मात्र मरीन शिक्का असला म्हणजे लाकूड कुजत नाही, हा समज चुकीचा आहे. पाणी कापलेल्या कडेतूनच शिरतं. प्रत्येक कडेला, प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूला इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या, आणि फळी बसवण्याआधी द्या. बसवल्यावर मागच्या कडेपर्यंत ब्रश पोचत नाही.

माप घेताना सगळं तिरकं येतंय. माझं काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही. पाण्यावरच्या बोटीत ओळंबा आणि स्पिरिट लेव्हल निरुपयोगी आहेत. तुम्ही एका बाजूला उभे राहिलात तरी बोट कलते. किनाऱ्यावर ठोकळ्यांवर ठेवलेली बोटही बहुधा सरळ नसते. बोटीचंच काहीतरी आधार धरा: शाबूत असलेली मधली भिंत, मूळ जमिनीची पातळी, किंवा मध्यरेषा. त्यावरून गुण्याने पुढची मापं घ्या. हलच्या वळणाला लागणारी फळी मोजपट्टीने मापू नका. पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या वळणाला टेकवत गरम गोंदाने जोडत जा, तो सांगाडा उचलून प्लायवूडवर ठेवा आणि आखा. फळीची कडही सरळ कापून चालत नाही, हलच्या उताराप्रमाणे तिरकी कापावी लागते.

लाकूड पॉलिश करू की पांढरं रंगवू?

चांगलं सागवान किंवा महोगनी असेल तर सगळं झाकू नका. मला आवडणारी पद्धत जुनी आहे. अमेरिकन बोटरचनाकार नथॅनियल हेरेशॉफ यांच्या नावाने ती ओळखली जाते: मोठे पृष्ठभाग पांढरट रंगाचे आणि कडा, चौकटी, कठडे वॉर्निश केलेल्या लाकडाचे. केबिन उजळते, मोठी वाटते आणि लाकडाची ऊबही राहते. जुन्या मोटरबोटींत खिडक्या लहान असतील तर हा फरक फार मोठा आहे.

वॉर्निश करताना काळे डाग आधी काढा. लोखंडी स्क्रूजवळचे निळे-काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने जातात. हातमोजे घाला आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवा. सागवानात मुळातच तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी किंवा पहिला हात देण्याआधी ॲसिटोनने पुसा. आतल्या कामाला चार-पाच हात पुरे होतात, दोन हातांमध्ये २२० ते ३२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. शेवटचा हात मंद चमकेचा घ्या. चकचकीत वॉर्निशवर प्रत्येक ओरखडा आणि प्रत्येक बोट दिसतं.

सनमायका काढावा लागेल का?

घट्ट चिकटलेला असेल तर नाही. चरबी पुसा, पॉलिश पेपरने चमक घालवा, इपॉक्सी प्रायमर द्या आणि वर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग. आधी कुठे सिलिकॉन लागलं असेल तर तिथे रंग धरत नाही, तेवढं मात्र कसून साफ करा.

गाद्यांसाठी कोणता फोम?

झोपायच्या जागेला १०० मिलिमीटर जाडी हवी, पाठीला ५० पुरते. घनता ३५ ते ४० किलो प्रति घनमीटरच्या आसपास घ्या. त्याहून हलका फोम दोन मोसमांत बसतो आणि खालची फळी टोचायला लागते.

बोटीच्या टोकाकडच्या त्रिकोणी बर्थवर सगळे अडतात. तिथे हलच्या भिंती खालून वर पसरत जातात, म्हणून गादीचा वरचा आकार खालच्यापेक्षा मोठा असतो. दोन वेगळे साचे घ्या, एक फळीच्या पातळीवर आणि एक गादीच्या उंचीवर, आणि दोन्हींवर मध्यरेषा आणि पुढची बाजू खूण करा. शिवणाऱ्याला एकच साचा दिला तर तो कडा उभ्या कापतो आणि वरती हलशी भली मोठी फट राहते.

गादीच्या खालच्या बाजूचं कापड दमट राहतं, म्हणून तळाला जाळीचं कापड शिवून घ्या. धागा पॉलिस्टरचा, चेन प्लॅस्टिकच्या दातांची. धातूची चेन खाऱ्या हवेत अडकून बसते. फोम खोळीपेक्षा किंचित मोठा कापला की खोळ ताणलेली राहते. गादीखालची फळी सलग नको, तिला भोकं पाडा किंवा पट्ट्यांची जाळी करा.

सकाळी सगळं ओलं असतं, पण गळती तर नाही. मग?

तो घाम आहे. आतली उबदार दमट हवा थंड हलला लागली की पाणी सुटतं. हलच्या आतल्या बाजूला बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) फोम हवेची पोकळी न ठेवता चिकटवा. फोम आणि हलमध्ये जागा राहिली तर ओलं तिथे साठतं आणि दिसतही नाही. पण फोमने निम्मंच काम होतं, उरलेलं हवा खेळल्याने होतं. एक झडप हवा आत घेणारी आणि एक बाहेर सोडणारी हवी. कपाटांच्या दारांना जाळी किंवा फटी ठेवा. आणि स्वयंपाक करताना हॅच उघडं ठेवा: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ केबिनमध्ये येते.

बुरशी धुवायला ब्लीच वापरलंत तर त्यात किंवा त्याच्या मागोमाग व्हिनेगर वापरू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

जमिनीला काय घालावं? गालिचा?

चिकटवलेला गालिचा नको. ओलं झाल्यावर वाळत नाही आणि खालच्या झाकणांच्या कडा झाकतो. न घसरणारं व्हिनाइल किंवा वॉर्निश केलेलं प्लायवूड चांगलं. पण काहीही घाला, जमिनीतलं प्रत्येक झाकण सुटं राहिलं पाहिजे. पाण्याचे व्हॉल्व्ह, बिल्ज पंप, टाकीचे जोड, प्रोपेलरच्या शाफ्टचं पॅकिंग, हे सगळं तिथेच आहे आणि पाणी भरायला लागलं की तुमच्याकडे काही सेकंद असतात. फळ्यांखालच्या आडव्या पट्ट्यांमधली पाणी वाहायची भोकंही मोकळी करून घ्या.

इंजिन जमिनीखाली असेल तर त्या झाकणांखालचा आवाज रोखणारा जुना फोमही बघा. तेल प्यायलेला, चुरा होणारा फोम आगीला आमंत्रण आहे. नवा घेताना आग न पकडणारा, वर फॉइल असलेला घ्या. गोंदाबरोबर पिना किंवा वॉशर असलेले स्क्रूही लावा, नाहीतर तो कधीतरी इंजिनवर पडतो.

जुने दिवे काढून एलईडी लावले की झालं?

जवळजवळ. १० वॅटचा जुना बल्ब १२ व्होल्टवर ०.८ अँपिअरहून जास्त खातो, तेवढाच उजेड देणारा एलईडी दीड-दोन वॅटवर चालतो. २७०० ते ३००० केल्व्हिनचा उबदार प्रकाश लाकडावर खुलतो. दोन गोष्टी बघा. एक, दिवा १० ते ३० व्होल्ट सहन करणारा असावा, कारण चार्जिंग चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्टपर्यंत दाब चढतो. दोन, स्वस्त एलईडी रेडिओत खरखर आणतात. अमेरिकन तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबाबत सावधगिरीची सूचनाच काढली होती. तपासायला सोपं आहे: दिवे बंद करून व्हीएचएफ (बोटीचा रेडिओ) शांत चॅनेलवर लावा, खरखर नेमकी थांबेल इतकंच स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) ठेवा आणि दिवे लावा. खरखर परत आली तर तो दिवा परत करा.

अस्तर निघालेलंच आहे तर वायरीही बदला. बारीक तारांची, कल्हई केलेल्या तांब्याची वायर घ्या, घरातली जाड एकतारी वायर हादऱ्यांनी तुटते. वायरीच्या टोकाचे लग नीट क्रिंप करा (दाबून बसवा), वर गोंद असलेली, तापवली की आवळणारी श्रिंक ट्यूब चढवा. दोन्ही टोकांना नाव लिहा. फ्यूज बॅटरीजवळ हवा, दिव्याजवळचा फ्यूज मधल्या वायरीचं रक्षण करत नाही. पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात ठिणगी बाहेर न पडू देणारीच उपकरणं चालतात. किनाऱ्यावरून येणारी २३० व्होल्टची लाइन मात्र जाणकार इलेक्ट्रिशियनकडे सोपवा.

ओट्यावर ग्रॅनाइट चालेल का?

२० मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर ग्रॅनाइट सुमारे ५४ किलो भरतो, आणि तेही गुरुत्वमध्याच्या वर. प्लायवूडवर सनमायका किंवा पातळ कृत्रिम दगड पुरेसा देखणा होतो. ओट्याला चहूबाजूंनी ३ ते ४ सेंटिमीटर उंच काठ द्या. कोपरे मात्र मोकळे ठेवा, नाहीतर पुसताना कचरा तिथेच साचतो. एकूणच नव्या सामानाचं वजन मांडत चला. काम सुरू करण्याआधी पाण्याची रेषा पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना खूण करून ठेवा आणि मधूनमधून ताडून बघा.

गॅसची शेगडी बदलताना काय पाहावं?

प्रोपेन हवेच्या दीडपट आणि ब्यूटेन दुप्पट जड असतो. गळलेला गॅस खाली उतरून बिल्जमध्ये साठतो. सिलिंडर केबिनपासून पूर्ण बंद अशा कप्प्यात हवा आणि त्या कप्प्याचा तळ बोटीबाहेर निचरा होणारा हवा. गॅसचा अलार्म जमिनीलगत लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तो झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीला लावा, कारण तो वायू हवेत मिसळून राहतो.

सगळं धुतलं तरी वास जात नाही.

टॉयलेटच्या नळ्या तपासा. कापड गरम पाण्यात बुडवून पिळा, नळीला गुंडाळा, गार झालं की हुंगा. कापडाला वास आला तर नळीतूनच वास झिरपतोय. ती धुऊन भागत नाही, बदलावीच लागते.

काम करताना कशाची काळजी घ्यावी?

जुन्या बोटींत एक्झॉस्टच्या गुंडाळीत किंवा शेगडीमागच्या बोर्डात ॲस्बेस्टॉस असू शकतो. शंका आली तर त्याला हात लावू नका, घासू नका, तपासून घ्या. फायबर घासताना चांगल्या दर्जाचा मास्क हवाच. इपॉक्सी हाताला लागू देऊ नका. एकदा ॲलर्जी जडली की पुढे थोड्या संपर्कानेही त्रास होतो. गोंद आणि थिनरच्या वाफा जड असतात, त्याही बिल्जमध्ये उतरतात. अशा वेळी मेन स्विच बंद ठेवा, म्हणजे बिल्ज पंप आपोआप सुरू होऊन ठिणगी पडणार नाही. बोट पाण्यात असेल तर पंप बंद आहे हे लक्षात ठेवून अधूनमधून बिल्ज स्वतः बघा. पंख्याने ताजी हवा आत ढकला, वाफा पंख्यातून ओढून घेऊ नका.

पुढच्या बर्थवर छान शेल्फ बसवायचं आहे, पण वरचं हॅच थोडं झाकलं जाईल. चालेल?

नाही. आग बहुतेक वेळा इंजिन किंवा शेगडीकडे लागते, म्हणजे नेमकी तुमच्या आणि दाराच्या मध्ये. ते हॅच आतून, अंधारात, हत्याराशिवाय उघडलं पाहिजे आणि घरातला अंगाने सर्वांत मोठा माणूस त्यातून बाहेर पडला पाहिजे. शेल्फ दुसऱ्या बाजूला बसवा.